पोळ्याचे पाहुणे

उंदीर लंगडतोय की नाही, हे नुसतं बघून कळत नाही. लोकांना वाटतं कळत असेल. विद्यार्थीही पहिल्या दिवशी पिंजऱ्यासमोर उभे राहून ‘मॅडम, हा बघा, हा लंगडतोय’ म्हणतात आणि हटकून भलत्याच उंदराकडे बोट दाखवतात. उंदीर महालबाड. दुखत असलं तरी दाखवत नाही, कारण जो लंगडताना दिसला तो मांजराच्या तोंडी गेला. म्हणून आम्ही त्याला एका तिरक्या पारदर्शक डब्यात उभा करतो, मागचा एकेक पाय एकेका पट्टीवर. प्रत्येक पट्टीखाली वेगळा काटा. धडधाकट उंदीर दोन्ही पायांवर सारखा भार देतो. गुडघा दुखत असला की गुपचूप दुसऱ्या पायावर सरकतो. तो लपवतो, पण काट्याला ते कळतं.

मी तृप्ती महाजन. तापी ओलांडून जैनाबाद गावाच्या पुढे गेलं की केळीच्या बागांमध्ये आमचं फार्मसी कॉलेज आहे. तिथे औषधशास्त्र शिकवते आणि उरलेल्या वेळात गुडघेदुखीवर संशोधन करते. गुडघ्यातली कूर्चा झिजते, हाडावर हाड घासतं आणि माणूस जिना बघूनच रडकुंडीला येतो, तीच ती गुडघेदुखी. माणसात ती यायला वर्षं लागतात. म्हणून उंदराला भूल देऊन त्याच्या उजव्या गुडघ्यात एका रसायनाचा थेंब सोडायचा. काही आठवड्यांत त्याचा गुडघा सत्तरीच्या म्हातारीसारखा होतो. मग त्याच्यावर औषध चालतं का ते बघायचं. शेजारच्या पिंजऱ्यात सहा उंदीर असे, की ज्यांच्या गुडघ्यात नुसतं मिठाचं पाणी सोडलेलं. त्यांना काहीच होत नाही. तुलनेसाठी कोणीतरी धडधाकट लागतंच ना! त्यांना आम्ही ‘पाणीवाले’ म्हणायचो, आणि बाकीच्यांना ‘दुखणेवाले’.

क्रूर वाटतं? वाटू दे. मलाही पहिल्या वर्षी जेवणाचा डबा खाववत नव्हता. पण ज्याच्या घरात गुडघा गेलेलं माणूस आहे, त्याने मला येऊन सांगावं की हे करू नकोस.

माझ्या घरात होतं. माझी आई, मालूबाई. नदीच्या अलीकडे, शहरातल्या सिंधीपुऱ्यात एका पॉवरलूमच्या शेडवर आमच्या दोन खोल्या. खाली दिवसभर मागांची खटखट चालते आणि वर आमची फरशी थरथरत असते. तरुणपणी आईने डावा पाय पोटाशी दुमडून वर्षानुवर्षं मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या. तोच पाय गेला. वर यायला बाहेरून लोखंडी जिना आहे. कोण येतंय ते मी त्याच्या आवाजावरून सांगू शकते. आईचं चढणं-उतरणं तर झोपेतही ओळखलं असतं: उजवा पाय पडला की ‘ठण’, आणि डावा ओढत आणला की ‘सर्र’. ठण, सर्र. ठण, सर्र. मग तेही बंद झालं. गेल्या हिवाळ्यापासून ती खाली उतरलीच नव्हती. दवाखान्यात न्यायचं तर खुर्चीत बसवून चौघांनी उचलायची. गुडघा बदला, म्हणाले डॉक्टर. आईने कानावर हात ठेवले.

“मले लोखंड नको पायात,” ती म्हणायची. “जिन्याचंच पुरे झालं. मले फक्त एकदा आपल्या पायानं तापीवर जाऊन येऊ दे, मंग काय व्हायचं ते होवो.”

एवढंच मागणं. आणि मी, दुखण्याची मास्तरीण, तिला साधा जिना उतरवू शकत नव्हते. याचा मला इतका राग यायचा की काही विचारू नका.

त्या रागातच एकदा बाजारातून वजनाचे दोन सारखे काटे आणले, सुईवाले. शेजारी शेजारी ठेवले आणि आईला एकेक पाय एकेकावर देऊन उभी केली. उजवी सुई पार पुढे, डावी मागेच रेंगाळलेली. अगदी माझ्या दुखणेवाल्यांसारखी.

“घ्या! आता मी तुही उंदरी झाली,” आई म्हणाली. “खायाले काय देते ते सांग.”

पोळ्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. भूपेंद्र मोजणीला उशिरा आला. भूपेंद्र माझा सहकारी, माझ्याहून बराच लहान, जैनाबादच्या शेतकरी घरातला. त्याचे तळवे पिवळेधमक होते. घरी बैलांची खांदेमळणी चालली होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळदीने चोळतात आणि मग त्यांच्या कानात उद्याच्या जेवणाचं आमंत्रण देतात, ते हे. पठ्ठ्याने पानात बांधून थोडी तूप-हळद कॉलेजातही आणली होती.

“मॅडम, बैलांचं झालं. आता आपल्या बैलांचं करून टाकू?”

“हात तर लाव! हळदीने सूज उतरते, सगळ्या मोजणीची वाट लागेल.”

“अरे यार मॅडम, फिर आवतण तरी द्या. सालभर राबतात बिचारे. आवतणाचा तर काही साइड इफेक्ट नाही ना?”

मला हसू आलं. दुखणेवाल्यांना मोजणीनंतर हात लावायचा नाही, असा आमचा नियम, म्हणून मी पाणीवाल्यांचा पिंजरा ओढला. एकेकाला तळहातावर घेतलं आणि कानाशी तोंड नेऊन म्हटलं, “आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.”

“कुठे ते सांगा ना,” भूपेंद्र म्हणाला. “बैलाला आपला गोठा माहीत असतो. यांना काय मालूम?”

“सिंधीपुरा. मालूबाईंच्या घरी. लोखंडी जिना चढून वर या.”

आम्ही दोघंही खो खो हसलो. पिंजरा परत सरकवताना माझं सहज लक्ष गेलं. सहाही उंदीर जाळीशी ओळीने उभे होते, नाकं वर करून. उंदीर कधी स्वस्थ नसतो. काही नाही तर मिशा तरी हलवत असतो. यांची मिशीसुद्धा हलत नव्हती. भूपेंद्रने चुटकी वाजवली तेव्हा कुठे ते पांगले.

“चांगलं ऐकलं हो यांनी,” तो म्हणाला आणि हात धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी पोळा. आईने ओट्याशी उंच स्टुलावर बसून, गुडघ्याला शिव्या देत पुरणपोळ्या केल्या. मातीच्या बैलजोडीची पूजा झाली, केळीची पानं मांडली, आणि पहिला घास तोंडात असताना मी कालची गंमत तिला सांगितली.

आईचा हात पानावरच थांबला.

“आवतण दिलं?”

“अगं, गंमत.”

“माहं नाव घेऊन? माह्या घरचं?”

“हो.”

“आणि मले आता सांगते? आपलं जेवण सुरू झाल्यावर?”

ती खरोखर चिडली होती. अशी ती फार कमी वेळा चिडते. भिंतीला धरत, डावा पाय ओढत उठली, एक पान घेतलं, त्यावर पुरणपोळी कुस्करून वर तुपाची धार सोडली आणि दारापर्यंत जाऊन ते जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवलं. मी म्हटलं, मुंग्या येतील. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कण्हत कण्हत परत येऊन बसली.

तेवढ्यात लाईट गेली. खालचे माग एकेक करून थांबले. फरशीची थरथर थांबली. आमच्या घरात अशी शांतता झाली की कानांना बरं वाटत नाही. कोणीतरी दाबून ठेवल्यासारखे वाटतात ते.

दारात पान सळसळलं. कावळा असेल म्हणून मी हात न धुता उठले.

पान चकाचक होतं. पुरणाचा कण नाही, तुपाचा ओघळ नाही. पुसून घ्यावं तसं.

“जेवले?” आईने आतून विचारलं.

“कोण जेवणार? खार आली असेल.”

आईने मान वाकडी करून, माझ्या बाजूने दाराबाहेर बघत हाक दिली. ही तिची सवय. घरी आलेल्याला ती कधी मोकळं जाऊ देत नाही. सिलिंडर आणून देणाऱ्यालासुद्धा हातात एक केळं ठेवल्याशिवाय सोडणार नाही. तोच आवाज, तेच आर्जव.

“रिकाम्या हाती नका जाऊ वं बाप्पा! घरात असंल ते घेऊन जा.”

मी दारात उभी होते. भर दुपारचं ऊन होतं. जिना वरपासून खालपर्यंत लख्ख दिसत होता, आणि त्याच्यावर कोणी नव्हतं.

ठण.

सर्र.

मला आधी वाटलं, आई उतरतेय. इतकं ते ओळखीचं होतं. ‘अगं, एकटी कुठे निघालीस’ हे शब्द माझ्या ओठांवर आले होते.

मग आठवलं, आई माझ्या मागे पानावर बसलेली आहे.

ठण. सर्र. एकेक पायरी. जिथे आवाज होई तिथली पायरी किंचित हले आणि तिच्यावरची धूळ उडे.

मी वळून पाहिलं. आई तशीच बसली होती. तिने दोन्ही हात डाव्या गुडघ्यावर ठेवले होते आणि त्याच्याकडे बघत होती. घाबरलेली नव्हती. दात दुखायचा थांबल्यावर माणूस जसं जिभेने चाचपून बघतं, तशी ती चाचपत होती.

आवाज खाली पोहोचला, गल्लीत गेला आणि ऐकू येईनासा झाला. लाईट आली. माग सुरू झाले.

आई उठली. भिंतीला न धरता.

संध्याकाळी मी तिला काट्यांवर उभी केली. दोन्ही सुया एकाच आकड्यावर. मी काट्यांची अदलाबदल केली, तिला उतरवून परत चढवली. तरी तेच. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून बाहेर येते तो ती घरात नाही. दारात धावले. खालून जिना वाजत येत होता, ठण ठण ठण ठण, आणि वर आली ती जिलेबीचा पुडा घेऊन. मी तिच्या गळ्यात पडून रडले. कशामुळे झालं, कसं झालं, मला त्या क्षणी काही नको होतं. माझी आई जिना चढून आली होती.

कुतूहल दोन दिवसांनी जागं झालं, कॉलेजात, मोजणीच्या वेळी. दुखणेवाले होते तसेच होते. पाणीवाल्यांपैकी पहिल्याला मी डब्यात उभा केला आणि वाटलं, काटा बिघडला. काटा तपासला, ठीक होता. दुसरा उंदीर, तिसरा, सहावा. सगळ्यांचा भार उजवीकडे.

म्हणजे त्यांचा डावा गुडघा दुखत होता. आणि डावा गुडघा आम्ही त्या खोलीत कोणाचाच दुखावला नव्हता. आमची सुई नेहमी उजव्यात.

माझा स्वभाव असा, की काही जुळत नसलं तर चैन पडत नाही. मी आधी आमच्याच चुका शोधल्या. पिंजऱ्यांच्या चिठ्ठ्या तपासल्या. जाळीत तार निघाली आहे का, भुसा बदलला आहे का, ते पाहिलं. उंदरांच्या शेपटीवरच्या खुणा झाकून, कोणता कुठला हे न सांगता भूपेंद्रला मोजायला लावलं. त्याने तेच आकडे काढले आणि डोकं खाजवत म्हणाला, “मॅडम, पाणीवाल्यांना झालं काय? इतका फरक तर आपल्या औषधानं पण पडत नाही.”

मी त्याला जिन्याचं सांगितलं नाही. काय सांगणार होते?

एक गोष्ट मात्र मी लपवून बघत राहिले. आईला आता घरात करमत नव्हतं. आज भाजीबाजार, उद्या आशाबाईंकडे. आशाबाई म्हणजे पलीकडच्या गल्लीतली तिची मैत्रीण. दोघी मिळून एक दिवस पायी राजघाटावर गेल्या, तापीला नमस्कार केला, घाटाच्या पायऱ्या उतरल्या आणि चढल्या. आई घरी आली ती लहान पोरीसारखी लालबुंद होऊन. “पाय आहे का नाही, तेच समजत नव्हतं मले,” म्हणाली. “इतका हलका!”

त्याच दुपारी कॉलेजात पाणीवाले कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसले होते. एकाने खाल्लं नव्हतं. डब्यात उभा केला तर डावा पाय टेकवीचना. आई घरी राहिली त्या दिवशी ते बरे असत. ती हिंडली की ते पडून राहत. मी त्यांना वेदनाशामक दिलं. थोडा उतार पडला. त्यांच्याकडे बघून मला वाईट वाटायचं, आणि आईला ‘आज नको जाऊस’ म्हणायला जीभ रेटायची नाही. कोणाच्या बाजूने उभं राहायचं ते कळेना. मग मी आईच्याच बाजूने उभी राहिले, दुसरं काय?

प्रयोग संपत आला. संपला की सगळ्या उंदरांना भूल वाढवून शांत करायचं आणि गुडघ्याचे पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे, असं आमच्या मंजूर आराखड्यात होतं. पाणीवालेही त्यात आले. दुखणेवाल्यांचं झालं. पाणीवाल्यांपैकी पहिला भूपेंद्रने नेहमीच्या सवयीने उचलला. मी ‘थांब’ म्हणायला तोंड उघडलं होतं. पण खरं सांगू? मलाही बघायचं होतं. त्या डाव्या गुडघ्यात काय आहे, ते जाणून घ्यायची मला तहान लागली होती. मी थांबवलं नाही.

गुडघा मी स्वतः उघडला. आत काहीही नव्हतं. कूर्चा नव्या कपबशीसारखी गुळगुळीत, पांढरी. ना सूज, ना झीज. दुखण्यासारखं तिथे काही नव्हतंच.

घरी आले तर आई चपला शोधत होती. “माही डावी चप्पल सैल झाली का गं? पायात राहतच नाही.”

मी काटे काढले. तिला उभी केली. उजवी सुई रोजच्या आकड्यावर होती. डावी तिच्या मागे.

भार सरकला असता तर उजवी पुढे गेली असती. ती गेली नव्हती. मी तिला दोन्ही पायांनी एकाच काट्यावर उभी केली. तरी तेवढंच वजन कमी.

“दुखतंय का?” मी विचारलं.

“छे वं! काहीच नाही. बारीक झाली असंन, हिंडतेय किती!”

त्या पायाला मी टाचणी लावून पाहिली. तिला ते कळलंही नाही. बोटं हलत होती, पाय उबदार होता, नाडी लागत होती. मी तो हातात घेतला. झोपलेल्या मुलाचा पाय उचलला तरी हाताला काही लागतं. इथे हात जवळजवळ रिकामा होता.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजच्या नीतिसमितीकडे अर्ज नेला, की उरलेले पाच धडधाकट आहेत, त्यांना मारण्याची गरज नाही, पाळायची परवानगी द्या. नियमात तशी सोय आहे. भूपेंद्र म्हणाला, “मॅडम, काप नाही घेतले तर पेपर कसा होणार?” मी म्हटलं, “खड्ड्यात गेला पेपर.” त्याने माझं हे रूप पहिल्यांदाच पाहिलं. समितीने सही केली, आणि मी ते पाच उंदीर स्कूटीवरून, तापीच्या पुलावरून, सिंधीपुऱ्यात आणले. जिना चढून वर.

आईने पिंजऱ्यात वाकून पाहिलं. मी तिला काही सांगितलेलं नव्हतं.

“अरे, हे तर आपले पाहुणे!” ती म्हणाली आणि शेंगदाणे आणायला गेली.

मी त्यांची जितकी काळजी घेतली तितकी कोणी माणसांचीही घेत नसेल. मऊ भुसा, उकडलेलं अंडं, उन्हाळ्यात ओलं फडकं, दुखण्यावर रोजचं औषध. पण उंदराचं आयुष्य ते केवढं? दोन-अडीच वर्षं, फार तर तीन. एकाला छातीची कफबाधा झाली. एकाला गाठ आली. दोघं म्हातारपणाने गेले. प्रत्येक वेळी मी आईला काट्यांवर उभी केली आणि प्रत्येक वेळी डावी सुई थोडी मागे आलेली असे. दवाखान्यात सगळ्या तपासण्या केल्या. फोटोत हाडं दिसतात, रक्त फिरतंय, नसा ठीक आहेत. डॉक्टर आईला म्हणाले, “आजी, तुमच्या वयात असा गुडघा मी पाहिलेला नाही.” आई खूश.

शेवटी एक दिवस मी न राहवून तिला सगळं सांगितलं. पिंजरा, जिना, मोजणी, सगळं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, “मले माहीत नाही का? माहंच दुखणं खाली उतरताना मीच ऐकलं ना.”

“मग तुला भीती नाही वाटत?”

“कशाची? मी तापीवर जाऊन आली ना, आपल्या पायानं.” आणि माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, “घेऊन जा म्हटलं मी. किती न्यायचं ते सांगितलं नाही, ती चूक माही.”

त्या पोळ्यानंतरचा हा दुसरा पोळा, उद्यावर आलेला. एकच उंदीर उरलाय. कानाला खाच असलेला. पाठीचे केस गेलेत, डोळे दुधाळ झालेत. दिवसभर खिडकीपाशी पिंजऱ्यात एका कुशीवर पडून असतो. डावी सुई आता आई उभी राहिली तरी जेमतेम जागची हलते. ती मात्र हिंडते-फिरते, हसते, आशाबाईंना म्हणते, यंदा तूही ये जेवायला, तुहाही गुडघा बघू. मी आशाबाईंना निक्षून सांगितलंय, येऊ नका.

आज दुपारी आई हळद आणायला निघाली. मी म्हटलं, मी आणते. “बस तू,” म्हणाली, “तुले चांगली हळद ओळखू येत नाही.” पिशवी घेतली, उंदराला ‘आलीच हं’ म्हणाली आणि गेली. नेमकी त्याच वेळी लाईट गेली. माग थांबले.

मी जिना ऐकत उभी राहिले.

ठण.

मग काही नाही.

ठण.

मग काही नाही. उजवं पाऊल वाजत होतं. डाव्याचा आवाजच नव्हता. लोखंडाला ते लागतच नव्हतं.

मग मला दुसरा आवाज ऐकू आला. खूप बारीक, माझ्या पाठीमागून, खिडकीकडून. मी वळले.

उंदीर कुशीवर पडलेला होता, डोळे मिटून. त्याचा मागचा डावा पाय जाळीवर आपटत होता.

ठण. टिक. ठण. टिक.

जिन्यावर जे पाऊल पडत नव्हतं, ते इथे पडत होतं.

मी पिंजऱ्यापाशी गुडघे टेकून बसले. त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. दर वेळी तो पाय उचलायला त्याला जरा जास्त वेळ लागत होता. आणि तेवढा वेळ, खाली, आई पायरीवर थांबत होती.